साउथवर्कची जॉर्ज इन : अर्धी उरलेली सराई आणि तिचे हरवलेले अंगण

लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर, लंडन ब्रिजपासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर, बरो हाय स्ट्रीट नावाचा जुना रस्ता आहे. साउथवर्क या उपनगराचा तो मुख्य रस्ता. त्याच्या पूर्वेकडील बाजूला थोड्याथोड्या अंतरावर अरुंद गल्ल्या फुटतात. किंग्ज हेड यार्ड, व्हाइट हार्ट यार्ड, जॉर्ज इन यार्ड, टॅल्बट यार्ड अशी त्यांची नावे. यांतील प्रत्येक नाव एकेकाळच्या प्रवाशांच्या सराईचे आहे. किंग्ज हेड, व्हाइट हार्ट आणि टॅल्बट या जुन्या सराया केव्हाच जमीनदोस्त झाल्या. गल्ल्यांना त्यांची नावे तेवढी चिकटून राहिली. जॉर्ज इनच्या गल्लीत शिरले की मात्र उजव्या हाताला नावाशी इमान राखणारी वास्तू अजून उभी दिसते. तीन मजल्यांची, उतरत्या छपराची, आणि वरच्या दोन मजल्यांच्या दर्शनी बाजूला लांबच लांब लाकडी सज्जे असलेली ही सराई १६७७ साली बांधली गेली. घोडागाड्यांच्या काळातील, सज्जे असलेली अशी सराई आज लंडनमध्ये ही एकच उरली आहे.

या वास्तूची छायाचित्रे इंग्लंडच्या पर्यटन पुस्तिकांत नेहमी दिसतात. वाकलेल्या तुळया, बुटकी छते आणि कठड्यावरच्या फुलांच्या कुंड्या पाहून ‘जुना इंग्लिश पब’ म्हणून लोक तिचे कौतुक करतात. पण समोर दिसते ती मूळ वास्तूची एकच बाजू आहे. सराईचा गाभा होता तो मधल्या अंगणात, आणि त्या अंगणाच्या दोन बाजू १८८९ मध्ये पाडल्या गेल्या. त्यामुळे जॉर्ज इन समजून घ्यायची तर आधी तिचे हरवलेले अंगण मनात उभे करावे लागते.

इन, टॅव्हर्न आणि एलहाउस

‘पब’ हे ‘पब्लिक हाउस’चे संक्षिप्त रूप. आज हा शब्द मद्य विकणाऱ्या बहुतेक सर्व जुन्या गुत्त्यांना व सरायांना सरसकट लावला जातो. पण पूर्वी इंग्लंडमध्ये अशा ठिकाणांचे तीन ठळक प्रकार होते. एलहाउस म्हणजे साधे घर, जिथे घरी गाळलेली एल किंवा बिअर मिळे. त्याची रचना शेजारच्या घरासारखीच असे. टॅव्हर्नमध्ये प्रामुख्याने द्राक्षासव मिळे आणि तिथला गिऱ्हाईक अधिक सुस्थितीतला असे. गोव्यात पोर्तुगीज भाषेतून रुळलेला ‘तावेर्न’ हा शब्द आणि इंग्रजी ‘टॅव्हर्न’ ही एकाच लॅटिन शब्दाची दोन अपत्ये आहेत. तिसरा प्रकार इन, म्हणजे सराई. इथे पेयाबरोबर जेवण, झोपायला खोली आणि घोड्याला दाणापाणी व निवारा हे सर्व मिळणे अपेक्षित असे.

वास्तुरचनेच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. एलहाउसला एक-दोन खोल्या पुरत. सराईला मात्र एकाच आवारात माणसे, जनावरे, गाड्या, गवत, सामान आणि स्वयंपाक यांची सोय करावी लागे, तीही एकमेकांच्या वाटेत न येता. आपल्याकडील देवस्थानांच्या अग्रशाळांत एका अंगणाभोवती खोल्यांची ओळ असते. परगावच्या भाविकाला रात्र काढता यावी, हा तिचा हेतू. इंग्लिश सराईची रचना याच गरजेतून सुचलेली आहे. फक्त तिथे देवळाच्या जागी रस्ता आहे आणि पालखीच्या जागी घोडागाडी.

पुलाच्या तोंडाशी वसलेली वस्ती

सराया नेमक्या साउथवर्कमध्ये का एकवटल्या, याचे उत्तर पुलात आहे. १७५० मध्ये वेस्टमिन्स्टर ब्रिज खुला होईपर्यंत लंडन शहराच्या मध्यवर्ती भागात थेम्स ओलांडायला लंडन ब्रिज हा एकच पूल होता. त्यावर दुतर्फा घरे आणि दुकाने होती. मधला रस्ता अरुंद होता. रात्री पुलाचे दरवाजे बंद होत. केंट, सरे आणि ससेक्स या दक्षिणेकडील परगण्यांतून येणारा व्यापारी, शेतकरी किंवा यात्रेकरू उशिरा पोहोचला, तर त्याला नदीच्या अलीकडेच मुक्काम करावा लागे. दक्षिणेला निघणारा प्रवासीही पहाटे लवकर सुटता यावे म्हणून आदल्या रात्री इकडे येऊन राही. चौदाव्या शतकातील कवी जेफ्री चॉसरने आपल्या कॅंटरबरीच्या यात्रेकरूंना एकत्र आणले ते याच रस्त्यावरच्या टॅबर्ड सराईत. टॅबर्डचेच नाव पुढे बदलून टॅल्बट झाले. जॉर्ज इन तिच्या अगदी शेजारची. १५४२ च्या सुमारास काढलेल्या साउथवर्कच्या नकाशातही ती दाखवलेली आहे. म्हणजे आजच्या इमारतीच्या आधीही या जागेवर याच नावाची सराई होती.

रस्त्यालगतची जागा मोक्याची, म्हणून महाग. त्यामुळे जमिनीचे पट्टे रस्त्याच्या बाजूने अरुंद आणि मागे खूप खोल असत. सराईच्या रचनेची गुरुकिल्ली या पट्ट्याच्या आकारात आहे. रस्त्यावर दिसे ती दुकाने, आणि त्यांच्यामधून आत जाणारी एक गाडीवाट. वाड्याची देवडी ओलांडल्यावर चौक दिसावा, तशी ही वाट ओलांडली की लांबट अंगण समोर येई. त्याच्या बाजूंनी सराईच्या इमारती असत. त्याहून मागे तबेले, गवताची कोठारे आणि मालवाहू गाड्या उभ्या करण्याची जागा. रात्री बाहेरचा दरवाजा लावला, की आतला माल, घोडे आणि माणसे सुरक्षित राहत. रस्त्यावरची जागा जितकी कमी, तितकी आतली व्यवस्था महत्त्वाची, हे या बांधणीचे सूत्र होते.

सज्जा हीच वाट

आता सज्ज्यांकडे पाहू. मुंबईच्या चाळीत राहिलेल्या किंवा चाळ पाहिलेल्या माणसाला हा प्रकार समजावून सांगायला नको. ओळीने खोल्या, प्रत्येक खोलीचे दार समोरच्या सामाईक गॅलरीत उघडते, आणि गॅलरीच्या टोकाला जिना. जॉर्ज इनचे सज्जे नेमके हेच काम करीत. सराईच्या खोल्या एकमेकींतून जाणाऱ्या ठेवल्या, तर दुसऱ्याच्या बिछान्याशेजारून वाट काढावी लागते. इमारतीच्या आत बोळ काढला, तर अरुंद पट्ट्यावरची मोलाची जागा त्यात जाते आणि बोळ अंधारा राहतो तो निराळाच. सज्जा अंगणावर पुढे काढला, की वाट इमारतीच्या बाहेर जाते, खोल्यांना पुरी रुंदी मिळते आणि प्रत्येक प्रवाशाला स्वतःचे स्वतंत्र दार मिळते. इंग्लंडच्या थंडीपावसात अशा उघड्या वाटेने खोली गाठणे सुखाचे नव्हते, पण जागेचा हिशेब तिच्या बाजूने होता.

सज्ज्याचा दुसरा उपयोग नजरेचा. वरच्या कठड्याशी उभे राहिले की आपली गाडी जुंपली की नाही, सामान चढले की नाही, हे दिसे. खालून हमालाला वरच्या माणसाला हाक मारता येई. अंगण ही सराईची मुख्य खोलीच होती. तिला छत नव्हते इतकेच.

आणि अशा अंगणांना तिसरा उपयोगही सापडला. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमधील काही सरायांत नाटके होत असत. बुल, बेल, क्रॉस कीज आणि बेल सॅव्हेज या सरायांची नावे त्या संदर्भात नोंदलेली आहेत. अंगणाच्या एका बाजूला मंच, समोर उभे प्रेक्षक आणि वर सज्ज्यांत पैसे अधिक मोजलेले लोक, अशी व्यवस्था अशा ठिकाणी सहज जमण्यासारखी होती. जॉर्ज इनमध्ये शेक्सपिअर बसत असे, असे पर्यटकांना हौसेने सांगितले जाते. तो साउथवर्कमध्ये वावरला आणि १५९९ मध्ये उभे राहिलेले ग्लोब नाट्यगृह इथून जवळच होते, हे खरे. पण त्याचे निधन १६१६ मध्ये झाले आणि आजची इमारत त्यानंतर एकसष्ट वर्षांनी बांधली गेली. त्याने पाहिली असेल तर ती आधीची जॉर्ज. आजच्या सज्ज्यांशी त्याचे नाते अप्रत्यक्षच आहे.

आग आणि जुन्याच आराखड्याची निवड

१६६६ च्या मोठ्या आगीत नदीपलीकडचे लंडन शहर जळाले, हे सर्वश्रुत आहे. साउथवर्क तेव्हा वाचले. पण दहा वर्षांनी, मे १६७६ मध्ये, त्याचीही पाळी आली. त्या आगीत शेकडो घरे भस्मसात झाली आणि त्यांत जॉर्ज इनही गेली. पुढच्याच वर्षी ती पुन्हा उभी राहिली.

या पुनर्बांधणीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १६६६ च्या आगीनंतर लंडन शहरात घरांच्या बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्याच असाव्यात, असा कायदा झाला होता. लाकडाने केलेला घात सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. तरीही १६७७ च्या जॉर्ज इनमध्ये विटांच्या बांधकामाबरोबर लाकडी सज्जे पुन्हा घातले गेले. यात केवळ जुन्याचा हट्ट नव्हता. व्यवसाय तोच, जमिनीचा पट्टा तोच, गाड्यांची रीत तीच. मग आराखडाही तोच लागणार. आजच्या इमारतीतही हे दोन स्वभाव शेजारी शेजारी दिसतात. एका भागात लाकडी खांब, कठडे आणि सज्जे आहेत. दुसऱ्या भागात साधी विटांची भिंत आणि उभ्या सरकत्या काचेच्या खिडक्या. एकाच दर्शनी बाजूवर मध्ययुगीन सराईची सवय आणि नव्या काळाचे घर यांची भेट झाली आहे.

मध्ययुगीन अंगण पूर्ण स्वरूपात कसे असे, हे पाहायचे तर ग्लॉस्टर शहरातील न्यू इनकडे जावे लागते. पंधराव्या शतकाच्या मध्यास तिथल्या मठाने यात्रेकरूंसाठी ती बांधली, आणि तिच्या अंगणाभोवतीचे लाकडी सज्जे अजून टिकून आहेत. ते अंगण पाहिल्यावर जॉर्ज इनमधून काय गेले, याची कल्पना येते.

तळमजला : वाट पाहण्यासाठी बांधलेल्या खोल्या

जॉर्ज इनच्या तळमजल्यावर एक मोठे दालन नाही, तर एकीला लागून एक अशा खोल्यांची मालिका आहे. रस्त्याच्या बाजूने पहिली खोली गाडीची वाट पाहणाऱ्या उतारूंची. ती पहिली असण्याचे कारण उघड आहे : गाडी आत आली की सर्वांत आधी तिथे कळे आणि चार पावलांत गाठता येई. तिथून पुढची खोली ‘कॉफी रूम’ म्हणून ओळखली जाई, जिथे निवांत बसून खाता-पिता येई. चार्ल्स डिकन्स इथे येत असे, आणि ‘लिटल डॉरिट’ या त्याच्या कादंबरीत जॉर्जचा उल्लेख आहे. वरच्या मजल्यांवरील निजायच्या खोल्यांच्या जागी पुढे भोजनाची दालने झाली.

पहिल्या खोलीत भिंतीवर एक मोठे घड्याळ आहे. अशा घड्याळांना ‘पार्लमेंट क्लॉक’ म्हणतात. १७९७ मध्ये पंतप्रधान विल्यम पिट यांनी घड्याळांवर कर बसवला. लोकांनी खासगी घड्याळे बाळगणे कमी केले आणि सरायांनी गिऱ्हाइकांसाठी मोठी घड्याळे लावली, अशी त्यामागची लोकप्रिय कथा. कर दुसऱ्याच वर्षी मागे घेतला गेला, नाव मात्र राहिले. प्रत्यक्षात मोठ्या तबकडीची अशी घड्याळे त्या कराच्या कित्येक दशके आधीपासून सरायांत लावली जात होती. त्यांचे खरे कारण करात नव्हे, प्रवासात आहे. टप्प्याटप्प्यावर घोडे बदलत, ठरलेल्या वेळी सुटणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्यावर सराई हे एक प्रकारचे स्थानकच बनले, आणि स्थानकाला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचता येईल असे घड्याळ लागते.

लांबलचक लाकडी काउंटर आणि त्यामागे उभा विक्रेता, हे चित्र आज ‘पब’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येते. पण ते बरेचसे एकोणिसाव्या शतकातले आहे. त्याआधी सेवक पेय तळघरातून किंवा कोठीतून भांड्यात भरून खोलीत आणून देत. पुढे काउंटर आले, आरसे आणि नक्षीदार काचा आल्या, एका मोठ्या दालनाचे पडद्यांनी कप्पे करून कामगार आणि बाबू यांना वेगळे बसवण्याची पद्धत आली. जॉर्ज इनमधील खोल्यांची मालिका या सर्वांच्या आधीची आहे. इथे माणसे वेगळी बसत ती दर्जानुसारच नव्हे, तर कामानुसार : कोणी निघणारा, कोणी मुक्कामाचा, कोणी गाडीवान.

रेल्वे आली आणि अंगण गेले

डिसेंबर १८३६ मध्ये जॉर्ज इनपासून हाकेच्या अंतरावर लंडन ब्रिज रेल्वे स्थानक सुरू झाले. १८४१ मध्ये ब्रायटनपर्यंत आणि १८४४ मध्ये डोव्हरपर्यंत लोहमार्ग पोहोचला. ज्या रस्त्यांवर साउथवर्कच्या घोडागाड्या धावत, तेच हे मार्ग. घोडागाडीला दिवसभर लागणारा प्रवास काही तासांवर आला, आणि वाटेत किंवा पुलाच्या तोंडाशी रात्र काढण्याचे कारणच उरले नाही. सराईची प्रत्येक गोष्ट ज्या गरजेला उत्तर म्हणून बांधली होती, ती गरज एका पिढीत संपली.

पुढची पन्नास वर्षे या सरायांच्या ऱ्हासाची. तबेल्यांत माल साठवला जाऊ लागला, खोल्या भाड्याने गेल्या, लाकूड कुजू लागले. टॅबर्ड १८७० च्या दशकात पाडली गेली. ‘पिकविक पेपर्स’मध्ये सॅम वेलर हे अजरामर पात्र वाचकांना प्रथम भेटते ती व्हाइट हार्ट १८८९ मध्ये गेली. जॉर्ज इन ग्रेट नॉर्दर्न रेल्वे कंपनीच्या हाती आली होती. कंपनीला मालाच्या देवघेवीसाठी डेपो हवा होता. त्याच १८८९ मध्ये तिने अंगणाच्या दोन बाजू पाडून तिथे गोदामे उभारली. ज्या रेल्वेने सराईचा धंदा हिरावला, तिनेच सराईची वास्तूही निम्मी केली. दक्षिणेची बाजू राहिली. तिथे मद्याची आणि जेवणाची विक्री सुरू होती, ती तशीच चालू राहिली.

१९२३ मध्ये ही कंपनी लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेत विलीन झाली, आणि १९३७ मध्ये त्या कंपनीने जॉर्ज इन नॅशनल ट्रस्टला दिली. ऐतिहासिक वास्तू आणि निसर्गस्थळे सांभाळणारी ही संस्था १८९५ मध्ये स्थापन झाली. ट्रस्टने इमारतीचे संग्रहालय केले नाही; ती पब म्हणून चालवण्यासाठी भाडेपट्ट्याने दिली. आज ती पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू आहे. इंग्लंडमधील संरक्षित वास्तूंपैकी जेमतेम अडीच टक्के वास्तूंना ही श्रेणी मिळालेली आहे.

काय वाचले, काय गेले

जॉर्ज इनची कथा सहसा सुखान्त म्हणून सांगितली जाते. ती अर्धीच सुखान्त आहे. सज्जे वाचले, पण ते ज्या अंगणाकडे पाहण्यासाठी होते त्याच्या समोरच्या भिंती गेल्या. आज सज्ज्यासमोर मोकळी जागा आहे, उन्हाळ्यात तिथे टेबले मांडलेली असतात, आणि पलीकडे नव्या काळातील इमारती आहेत. नवख्या माणसाला सज्जा म्हणजे शोभेची बाल्कनी वाटते. चौकाच्या तीन बाजू काढून घेतल्यावर उरलेली ओसरी जशी वाटेल, तसे हे आहे. आपल्याकडील जुन्या घरांच्या राजांगणाची एक बाजू राखून बाकीची पाडली, तर राखलेल्या खांबांना काय अर्थ उरेल, याचा विचार केला म्हणजे हे नुकसान नेमके कळते.

पाडलेल्या बाजू परत आणता आल्या असत्या का? या प्रश्नाचा रोख समजायला लंडनमधीलच एक अलीकडचे उदाहरण पुरेसे आहे. मेडा व्हेल भागातील कार्लटन टॅव्हर्न हा १९२०-२१ मध्ये बांधलेला पब एप्रिल २०१५ मध्ये मालकांनी परवानगी न घेता अचानक पाडून टाकला. तो संरक्षित यादीत जाण्याच्या बेतात होता. रहिवाशांना आधीपासून शंका होती, म्हणून त्यांनीच हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी संस्थेकडे संरक्षणाची मागणी केली होती, आणि त्या निमित्ताने वास्तूची बारकाईने नोंद झाली होती. त्या नोंदीच्या बळावर वेस्टमिन्स्टर नगरपालिकेने इमारत होती तशी पुन्हा बांधण्याचा आदेश दिला. अपिलातही तो टिकला. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बांधलेली कार्लटन टॅव्हर्न लोकांसाठी उघडली. दरम्यान २०१७ पासून इंग्लंडमध्ये कोणताही पब पाडण्यासाठी किंवा त्याचा वापर बदलण्यासाठी नियोजन परवानगी सक्तीची झाली आहे.

१८८९ मध्ये असा कायदा नव्हता. मालकाची इमारत, मालकाची इच्छा, असा तो जमाना होता. कार्लटन टॅव्हर्न परत आली, कारण वेळीच कोणीतरी तिची मापे आणि छायाचित्रे घेतली होती आणि ती वापरण्याचा अधिकार कायद्याने दिला होता. जॉर्जच्या दोन बाजूंना यांतले दुसरे मिळालेच नाही.

उरलेली बाजू मात्र टिकली, आणि तिच्या टिकण्यामागे निव्वळ सौंदर्य नाही. व्हाइट हार्ट आणि टॅबर्ड काही कमी देखण्या नव्हत्या; साहित्यातील कीर्तीत तर त्या जॉर्जहून वरचढ होत्या. जॉर्जची दक्षिण बाजू वाचली, कारण तिथला दरवाजा रोज उघडत होता. गाड्या गेल्या, मुक्कामाचे प्रवासी गेले, पण खाण्यापिण्याला येणारा माणूस येत राहिला. त्याच्यासाठी छप्पर दुरुस्त होत राहिले आणि लाकूड बदलले जात राहिले. पुढे ट्रस्टने हेच सूत्र जाणीवपूर्वक चालू ठेवले. संरक्षणाच्या यादीतील नावामुळे इमारत पाडणे अवघड होते. ती उभी ठेवण्याचे काम रोजचा वापर करतो. साउथवर्कला जाणाऱ्याने जॉर्ज इनमध्ये आत बसण्यापूर्वी क्षणभर बाहेर, गाड्या वळत असत त्या जागी, उभे राहावे. सज्ज्यांकडे पाठ करून समोर पाहिले की जे तिथे नाही, त्याची लांबी-रुंदी डोळ्यांना मोजता येते.